सिस्टरच्या हाती निर्णय: रुग्णसेवेची गुणवत्ता वॉर्डातून कशी उभी करायची

एनक्यूएएस (सरकारी रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं) किंवा एनएबीएचचे (रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) तपासनीस वॉर्डात येतात तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न सिस्टरला विचारले जातात. हात कधी धुता, क्रॅश कार्टमध्ये (आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीत) कुठली औषधं आहेत, सुई कुठल्या डब्यात टाकता, रुग्ण पडला तर काय करता. उत्तरं तिच्याकडे असतात, कारण ही कामं तीच करते. पण गुणवत्ता समितीची बैठक भरते तेव्हा टेबलाभोवती वैद्यकीय अधीक्षक, विभागप्रमुख, प्रशासकीय अधिकारी असतात आणि मेट्रनच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: रजिस्टरं पूर्ण आहेत ना? जबाबदारी एकीकडे आणि ठरवण्याचा अधिकार दुसरीकडे, ही फारकत कशी मिटवायची, त्यासाठी हा लेख आहे. तो मुख्यतः स्टाफ नर्स आणि वॉर्ड इनचार्ज यांच्यासाठी आहे. अधीक्षकांनी वाचला तर अधिक बरं.

माझ्या डोळ्यांसमोर गोव्यातली रुग्णालयं आहेत: बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं, फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा रुग्णालयं, साखळी, वाळपई, पेडणे, काणकोणची आरोग्य केंद्रं आणि शहरांतली खाजगी इस्पितळं. राज्य लहान, त्यामुळे गंभीर रुग्ण शेवटी बांबोळीलाच जातो. शिवाय सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ आणि कारवारकडचे रुग्णही तिथेच येतात. एकाच वॉर्डात कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी ऐकू येते. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंगी, बारा महिने दुचाकीचे अपघात. या गर्दीत गुणवत्ता टिकवायची तर ती फाईलमधून टिकत नाही. खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला निर्णय घेता आला पाहिजे.

याचा सगळ्यात ठाम पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून आला. तिथल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गावर काम झालं आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपाय पाचच आणि सगळ्यांना ठाऊक असलेले: हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकून निर्जंतुक पोशाखात काम करणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेतून लाइन न घालणे आणि गरज संपताच ती काढणे. फरक पडला तो एका अधिकाराने. डॉक्टरने एखादी पायरी चुकवली तर तातडीचा प्रसंग वगळता काम थांबवण्याची मुभा नर्सला दिली गेली आणि वरिष्ठांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. तीन महिन्यांत संसर्गाचा मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) दर हजार लाइन-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला आणि दीड वर्षभर तिथेच राहिला. कुठलंही नवं औषध किंवा यंत्र त्यात नव्हतं.

आपल्या वॉर्डात अशा अधिकारापर्यंत कसं पोचायचं ते आता पायरीपायरीने पाहू. क्रम महत्त्वाचा आहे. अधिकार आधी मागितला तर मिळत नाही. आधी काम मोजून दाखवावं लागतं.

पहिली पायरी: एकच दुखणं निवडा

गुणवत्ता म्हटली की सगळं एकदम सुधारायचा मोह होतो: पडणे, संसर्ग, औषधांच्या चुका, तक्रारी, कचरा. महिनाभरात दहा तक्ते भिंतीवर लागतात आणि तिसऱ्या महिन्यात कोणी त्यांच्याकडे बघत नाही. एकच निवडा. निवडताना तीन गोष्टी पाहा. ते तुमच्या वॉर्डात वारंवार घडतं का, त्याने रुग्णाला खरा त्रास होतो का, आणि त्यावरचा उपाय बहुतांशी नर्सिंगच्या हातात आहे का. तिसरी कसोटी सगळ्यात मोलाची. एमआरआयची तारीख उशिरा मिळते हे खरं दुखणं आहे, पण तुमच्या पहिल्या प्रयत्नासाठी ते चुकीचं आहे.

मी उदाहरण म्हणून बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, घेते. ऑर्थो, न्यूरो आणि मेडिसिन वॉर्डांत ते सर्रास दिसतं. मांडीचं हाड मोडून ट्रॅक्शनवर पडलेला पंचविशीतला मुलगा असो की अर्धांगवायूची आजी, पाठीची जखम झाली की मुक्काम लांबतो, वेदना वाढतात, घरच्यांचा खर्च वाढतो. आणि बहुतेक वेळा ती टाळता येते.

दुसरी पायरी: मोजणी, पण अशी की तिच्यावर कोणी बोट ठेवू नये

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं याच पायावर उभं राहतं.

सुरुवात रुग्ण दाखल होतानाच होते. पहिल्या काही तासांत कपडे बाजूला करून त्वचा पाहायची: माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनची नळी टेकते तो कान. जखम आधीपासून असेल तर ती त्याच वेळी केसपेपरवर लिहायची. हे लिहिलं नाही तर घरून किंवा दुसऱ्या रुग्णालयातून आलेली जखम तुमच्या वॉर्डाच्या नावावर जमा होते आणि आकडा काढून काही साधत नाही.

लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. पांढरी पडून परत लाल झाली तर रक्तपुरवठा अजून चालू आहे. पांढरी झालीच नाही तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हात लावून पाहा. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते. रुग्णाला विचारा, "हांगा दुखता?" (इथे दुखतं का?) दुखणं हे अनेकदा दिसण्याच्या आधीचं लक्षण असतं.

मग धोका ठरवायचा. त्यासाठी ब्रेडन मापनश्रेणी वापरा. तिच्यात सहा गोष्टींना गुण असतात: संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणात स्वतः हलण्याची ताकद, आहार, आणि घर्षण-ओढ. एकूण ६ ते २३ गुण. गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आल्यास रुग्णाला जोखमीचा मानायचं. पहिल्या आठवड्यात दोन सिस्टरनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. सुरुवातीला फरक पडतो, चर्चेतून तो मिटतो. ही चर्चाच खरं प्रशिक्षण आहे.

आता दर. नुसतं "या महिन्यात पाच बेडसोअर झाले" याला अर्थ नाही, कारण वॉर्ड भरलेला होता की अर्धा रिकामा ते त्यातून कळत नाही. रोज रात्री बाराला वॉर्डात किती रुग्ण होते ते लिहा आणि महिन्याची बेरीज करा. हे झाले रुग्ण-दिवस. समजा सरासरी २८ रुग्ण आणि ३० दिवस, म्हणजे ८४० रुग्ण-दिवस. वॉर्डात नव्याने झालेले बेडसोअर ५. पाचाला ८४० ने भागून हजाराने गुणा, उत्तर जवळजवळ ६. म्हणजे हजार रुग्ण-दिवसांमागे सहा. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) संसर्गासाठी हाच हिशोब, फक्त खाली रुग्ण-दिवसांऐवजी कॅथेटर-दिवस येतात.

लहान वॉर्डात हा दर महिन्यागणिक खूप उड्या मारतो. एका महिन्यात दोन, पुढच्या महिन्यात शून्य, लगेच पेढे वाटू नका. अशा ठिकाणी दोन घटनांमधले दिवस मोजणं जास्त उपयोगी पडतं: मागचा बेडसोअर होऊन किती दिवस झाले? ते अंतर वाढत गेलं तर काम होतंय. मोठ्या वॉर्डात आठवड्याचा बिंदू मांडून आलेख काढा, सुरुवातीच्या दहा-बारा आठवड्यांचा मध्यक काढून त्याची आडवी रेघ मारा. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला पडले तर तो योगायोग नाही असं मानायला आधार मिळतो. चौकड्यांचा कागद आणि पेन्सिल पुरते. संगणक मिळाला तर उत्तम, पण त्याची वाट पाहत थांबू नका.

मोजणी कोणी करायची? जी सिस्टर खाटेशेजारी असते तिने. आकडे काढायचं काम वेगळ्या माणसाला दिलं की वॉर्डाला ते परकं वाटतं.

तिसरी पायरी: कारण शोधताना माणसाचं नाव घेऊ नका

मोजणीनंतर इव्हिनिंग शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं काढा. सगळ्या सिस्टर, ब्रदर, अटेंडंट आणि सफाई कामगार यांना बोलवा. अटेंडंटला बोलावणं विसरू नका. रुग्णाला उचलून सरकवणारे हात त्याचे असतात आणि ओढल्याने त्वचा कुठे सोलवटते ते त्यालाच ठाऊक असतं.

विचारायचं असं: शेवटचे पाच बेडसोअर कुठल्या खाटांवर झाले, तिथे काय घडत होतं? उत्तरं फार ठोस येतात. एअर मॅट्रेस आहे, पण पंप बंद. रात्री पूर्ण वॉर्डाला दोनच सिस्टर, कूस बदलायला दुसरे हात नाहीत. जून ते सप्टेंबर चादरी वाळत नाहीत, लॉन्ड्रीतून मोजून येतात, म्हणून ओली चादर पुढच्या फेरीपर्यंत तशीच राहते. नातेवाईक रुग्णाला हात लावायला घाबरतात, प्लास्टर हलेल म्हणून. रुग्ण दिवसभर पेजेवर असतो, अंगात प्रथिनं जात नाहीत. टाचांकडे कोणाचं लक्षच नाही.

यातली चादरीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोव्यातल्या पावसाळ्याचा रुग्णसेवेवर होणारा हा परिणाम कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. तो वॉर्डातल्या बाईलाच दिसतो, आणि म्हणून हा शोध तिनेच घ्यायचा असतो.

चौथी पायरी: एक खाट, एक शिफ्ट

बदल पूर्ण वॉर्डात एकदम लागू करू नका. एक जोखमीचा रुग्ण, एक दिवस. खाटेच्या पायथ्याशी कागद लावा: आठ वाजता डावी कूस, दहाला पाठ, बाराला उजवी कूस, असं पुढे. दर दोन तासांनी कूस बदलल्यावर जी करेल तिने सही करायची. पूर्ण नव्वद अंशात आडवं करायचं नाही, पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशाचा कल ठेवायचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकावर भार येत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवायच्या. लाल झालेल्या जागेला चोळायचं नाही आणि मधोमध भोक असलेली गोल रबरी उशी वापरायची नाही. दोन्ही सवयी जुन्या आणि दोन्ही घातक. रुग्णाला वर सरकवताना ओढायचं नाही, चादरीवर उचलायचं.

दिवस संपताना विचारा: कुठे अडलं? बहुधा सही राहते, कारण पेन सापडत नाही, किंवा जेवणाच्या वेळी बाराची पाळी चुकते. वेळ बदला, पेन कागदाला बांधा, दुसऱ्या दिवशी परत करून पाहा. आधी एक खाट, मग पाच, मग एक बाजू, मग वॉर्ड.

नातेवाइकांना कूस बदलायला शिकवा, पण जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. शिकवल्यावर त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. कन्नड बोलणारं कुटुंब असेल तर वॉर्डात कन्नड येणारं कोणीतरी सापडतंच. आहाराचं डायटिशियनशी बोला. पेज बंद करायची गरज नाही, तिच्यासोबत अंडं, डाळ, मासळी, जे रुग्णाला चालेल आणि पचेल ते वाढवायचं. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पाचवी पायरी: अधिकार कागदावर आणा

दोन-तीन महिन्यांचे आकडे हातात आले की बोलण्याची पत बदलते. आता अधीक्षकांकडे जा आणि नर्सला काय ठरवता येईल ते लेखी मागा. तोंडी परवानगी घेऊ नका. रात्रपाळीला ती कोणालाच आठवत नाही.

सुरुवातीला मागण्याजोगं असं. ब्रेडन गुण १८ किंवा कमी असेल तर डॉक्टरांच्या आदेशाची वाट न पाहता नर्सने एअर मॅट्रेस लावावी आणि डायटिशियनला कळवावं. मूत्रमार्गातल्या कॅथेटरची गरज रोज सकाळी तपासावी आणि ठरलेल्या निकषांत बसत असेल तर नर्सने तो काढावा. मूत्राचा अडथळा, तासागणिक मूत्रमापनाची गरज, नुकतीच झालेली मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे अपवाद त्या कागदावरच छापलेले असावेत. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर, गिळू शकणारा असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यावं, पंधरा मिनिटांनी परत तपासावं आणि डॉक्टरांना कळवावं. रुग्ण बेशुद्ध असेल तर शिरेतून काय द्यायचं तेही त्याच कागदावर डॉक्टरांच्या सहीने ठरलेलं असावं.

प्रत्येक कागदावर कोणाला लागू, कोणाला नाही, काय करायचं, कधी डॉक्टरांना बोलवायचं आणि कोणी शिकवलं हे पाच मुद्दे हवेत. विभागप्रमुख आणि अधीक्षक यांच्या सह्या, आणि पुनर्तपासणीची तारीख. डॉक्टरांना यात आपला अधिकार जातोय असं वाटू शकतं. म्हणून मसुदा एखाद्या समजूतदार रजिस्ट्रारबरोबर बसून करा. रात्री तीन वाजता कॅथेटर काढण्यासाठी किंवा साखर कमी झाली म्हणून झोपेतून उठावं लागणार नाही, हे कळलं की तोच तुमची बाजू मांडतो.

सहावी पायरी: रात्रीचा फोन

नर्सचं नेतृत्व सगळ्यात कसाला लागतं ते इथे. रुग्ण बिघडतोय हे सिस्टरला जाणवतं. पण "डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाही" असं फोनवर सांगितलं की समोरून "बीपी किती? बरं, पाहतो" एवढंच येतं. जाणिवेला आकड्यांची आणि ठरावीक मांडणीची जोड द्या.

आकड्यांसाठी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेली न्यूज-२ ही पद्धत सोपी आहे. श्वासाचा वेग, ऑक्सिजन संपृक्तता, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. बेरीज ५ झाली तर तातडीने डॉक्टरांनी पाहायचं, ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एकाच मापाला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांना कळवायचं. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ही पद्धत लावायची नाही, त्यांच्यासाठी वेगळे तक्ते आहेत. श्वास मोजताना पूर्ण मिनिट मोजा. वॉर्डात सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच, आणि बहुतेकदा सगळ्यात आधी तोच बदलतो.

मांडणीसाठी एसबार: काय झालंय, मागची माहिती, माझं मत, मला काय हवंय. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून ही पद्धत रुग्णालयांत आली. पावसाळ्यातल्या मेडिसिन वॉर्डातला एक फोन असा व्हावा:

"डॉक्टर, मी मेडिसिन वॉर्डातली स्टाफ नर्स. चौदा नंबर खाटेच्या रुग्णाचा स्कोअर संध्याकाळी ४ होता, आता ९ आहे. पंचेचाळीस वर्षांचे शेतकरी, वजन साठ किलो, पाच दिवस ताप, लेप्टोचा संशय, काल दाखल. आता श्वास २४, संपृक्तता साध्या हवेवर ९३, बीपी वरचा ९८, नाडी ११८, ताप ३८.६ सेल्सियस, शुद्धीवर आहेत. चार तासांत लघवी ६० मिलिलिटर. मला सेप्सिसची भीती वाटते, मूत्रपिंडावरही परिणाम होतोय. तुम्ही दहा मिनिटांत येऊन पाहावं असं मला वाटतं. तोवर ऑक्सिजन सुरू करते आणि दुसरी कॅन्युला टाकून ठेवते. तपासण्यांसाठी रक्त कुठलं घेऊ?"

लघवी न्यूज-२ मध्ये मोजली जात नाही, पण साठ किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर व्हायला हवी, म्हणून ती सांगायचीच. आणि "माझं मत" हा भाग गाळू नका. आपल्याकडे नर्सने निदानाबद्दल बोलायचं नाही असा संकोच खोल रुजलेला आहे. पण "सेप्सिसची भीती वाटते" (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) हे निदान होत नाही, हा धोक्याचा इशारा आहे, आणि तो देणं तुमचं काम आहे.

फोनची वेळ, कोणाशी बोललात आणि काय ठरलं ते लिहा. दिलेला आदेश परत वाचून दाखवा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर पुढचा फोन कोणाला, त्याच्यानंतर कोणाला, ही साखळी अधीक्षकांच्या सहीने वॉर्डात लावलेली असली पाहिजे. वरिष्ठाला फोन करणाऱ्या नर्सला दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागली तर ती साखळी त्याच दिवशी मेली असं समजा. अधीक्षकांनी इथे ठामपणे नर्सच्या पाठीशी राहायला हवं, फोन पुढे अनावश्यक ठरला तरीसुद्धा.

सातवी पायरी: घडता घडता टळलेलं लिहा

दोन रुग्णांची नावं सारखी आणि औषध जवळजवळ दुसऱ्यालाच गेलं. गोव्यात एकाच गावातली, एकाच आडनावाची माणसं शेजारशेजारच्या खाटांवर असणं नेहमीचं, तेव्हा हे वारंवार घडतं. नाव आणि केसपेपर नंबर अशा दोन खुणा मनगटपट्टीवरून ताडल्याशिवाय औषध द्यायचं नाही. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड दोघींनी स्वतंत्रपणे तपासायची. तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या बाटल्या सर्वसाधारण वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नयेत.

असे टळलेले प्रसंग लिहायला नाव नसलेला छोटा फॉर्म ठेवा. फॉर्म आला की कोणाची चूक हे विचारायचं नाही, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं एवढंच. आठवड्यातून एकदा ते फॉर्म वॉर्डात वाचून दाखवा आणि काय बदललं ते सांगा. मेमो निघायला लागले की फॉर्म थांबतात, प्रसंग थांबत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी हीच काळजी. चवथीच्या आदल्या दिवशी अर्धा वॉर्ड घरी जायला निघतो. कागद एका झटक्यात तयार होतात, आणि गोळ्या कधी कुठल्या घ्यायच्या ते बसमध्ये बसल्यावर कोणाला आठवत नाही. "समजलं?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, "मामा, घरी गेल्यावर सकाळी कुठली गोळी घेणार ते मला दाखवा बघू." चतुर्थीच्या आठवड्यात डिस्चार्जसाठी एक सिस्टर वेगळी ठेवण्याचं नियोजन महिनाभर आधी करा. त्याच दिवसांत रजाही सगळ्यांनाच हव्या असतात.

आठवी पायरी: मनुष्यबळाचं बोलताना आकड्यांनी बोला

"स्टाफ कमी आहे" हे वाक्य प्रशासनाने इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून जातं. त्याऐवजी दोन गोष्टी मांडा. पहिली, संशोधन. अमेरिकन नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही हाच कल दिसला. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक असं आहे. तुमच्या वॉर्डातलं रात्रीचं प्रमाण त्याशेजारी लिहा.

दुसरी गोष्ट, तुमचा वेळ कुठे जातो. एक आठवडा प्रत्येक शिफ्टमध्ये एका सिस्टरने दर पंधरा मिनिटांनी कागदावर खूण करावी: रुग्णाजवळ, औषधं, नोंदी, स्टोअरचं इंडेंट (मागणीपत्र), रिपोर्ट शोधणं, फोन, योजनेचे कागद. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या) कागदांसाठी किंवा हरवलेल्या एक्स-रेसाठी शिफ्टचा किती भाग जातो ते पहिल्यांदा आकड्यात दिसतं. नवी पदं मंजूर व्हायला वर्षं लागतात. वॉर्ड क्लार्कचे चार तास किंवा स्टोअरचा माणूस वर येऊन सामान देणं हे महिन्याभरात होऊ शकतं. दोन्ही मागा, आणि लहान मागणी पुढे ठेवा.

समितीतली खुर्ची

एवढं झाल्यावर गुणवत्ता समितीत वॉर्डातल्या नर्सला कायमची जागा मागा. मेट्रनबरोबर एक खाटेशेजारी काम करणारी सिस्टर, आळीपाळीने. बैठकीच्या तासांना ड्युटी धरावी, रजा नव्हे. पहिल्या बैठकीत एक आलेख, एक रुग्णाची गोष्ट नाव न घेता, आणि एक मागणी. तीन मिनिटांत बसा.

एनक्यूएएस २०१३ पासून आहे आणि त्याच्या आठ विभागांपैकी संसर्ग नियंत्रण, रुग्णाचे हक्क, उपचार आणि परिणाम यांतलं बरंच काम नर्सिंगचंच आहे. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. तुमचे आकडे त्या गुणांशी जोडून दाखवले की प्रशासनाला ऐकायला कारण मिळतं. स्वच्छतेसाठीचा कायाकल्प आणि प्रसूतिगृहांसाठीचा लक्ष्य उपक्रम यांनाही हेच लागू.

पुढच्या वाटा

वॉर्डात हातखंडा झालेल्या नर्सला पुढे काय, याचं उत्तर रुग्णालयाने दिलं नाही तर आखाती देश किंवा युके देतात. बढती म्हणजे खाटेपासून दूर टेबलापाशी, एवढीच शिडी असेल तर अनुभव खाटेजवळ राहत नाही. संसर्ग नियंत्रण नर्स ही पूर्णवेळ भूमिका असावी. जागतिक आरोग्य संघटना २५० खाटांमागे किमान एक पूर्णवेळ संसर्ग-नियंत्रण कर्मचारी सांगते आणि शंभर खाटांमागे एक असणं अधिक चांगलं मानते. जखम आणि स्टोमा (मलमूत्रासाठी पोटावर केलेलं छिद्र), मधुमेह शिक्षण, डायलिसिस, वेदनाशामक सेवा यांत खास काम करणाऱ्या नर्सना इतर वॉर्डांनी सल्ल्यासाठी बोलवावं, त्यांचं मत केसपेपरवर लिहिलं जावं. अतिदक्षतेतला नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आणि मिडवाइफरीतला नर्स प्रॅक्टिशनरचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम देशात उपलब्ध आहेत. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेत मंजूर झाला आहे. पण अभ्यासक्रम करून आलेल्या नर्सला परत जुनंच काम दिलं तर त्या शिक्षणाचा उपयोग शून्य. पाठवण्याआधीच पद आणि अधिकार ठरवून घ्या.

बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनसारख्या संस्थांतल्या विद्यार्थिनींना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. तुमच्या वॉर्डाची मोजणी त्यांना द्या.

बदली झाली की

सरकारी नोकरीत इनचार्ज बदलते आणि तिच्याबरोबर कामही जातं. त्यावर उपाय म्हणजे एक पानी टिपण: काय मोजतो, कसं मोजतो, सध्याचा दर, मागे काय करून पाहिलं आणि काय चाललं नाही, लेखी अधिकारांच्या प्रती कुठल्या फाईलमध्ये आहेत, एअर मॅट्रेस दुरुस्तीला कोणाला कळवायचं, पावसाळ्यासाठी जादा चादरींची मागणी एप्रिलमध्ये कुठे पाठवायची. आणखी एका सिस्टरला आलेख काढायला आधीच शिकवून ठेवा, इनचार्जपेक्षा ज्युनियर असेल तर जास्त चांगलं, कारण ती त्या वॉर्डात टिकते. नव्या इनचार्जने पहिल्या आठवड्यात त्वचेची फेरी स्वतः घ्यावी, सगळ्या खाटांची, टाचांसकट.